फिरतीवरचा लकवा

ताई : तोंड मिट आधी. दार उघडं आहे.

धाकटा : तूच लोट ना. मी कसा लोटणार, मला लकवा झालाय.

ताई : लोटलं. आता हळू बोल.

धाकटा : हुश्श. परवापासून गप्प पडून जीभ आंबली गं माझी. काही कुरकुरीत आणलंस का?

ताई : बिस्किटं आणली होती. दारातच सिस्टरनी पिशवी बघितली आणि काढून घेतली. म्हणाल्या, दादांना ठसका लागेल.

धाकटा : बघ, पिशवी बघतात. दे एक मार्क.

ताई : मार्क गेले खड्ड्यात. खाली ऑफिसात अडवलं मला. वडिलांचं संध्याकाळपर्यंत नक्की सांगा, नाहीतर खाट दुसऱ्या कुणाला देऊ म्हणाले.

धाकटा : माझं अजून ठरत नाहीये.

ताई : तुझं ठरत नाही, माझ्या कमरेचं ठरलंय. डॉक्टर मला काय म्हणाले, ऐकलंस ना? बाबांना आणखी चार दिवस उचललंत तर तुम्हालाच उचलायला माणूस बघावा लागेल.

धाकटा : म्हणून तर इथे येऊन पडलोय. तू नि मी आत्तापर्यंत एवढे वृद्धाश्रम फिरलो, काय बघत होतो? फरशी चकाचक, गेटपाशी कुंड्या, हात जोडून उभा मॅनेजर. ज्याला बोलता येतं त्या म्हाताऱ्याला सगळेच आजोबा-आजोबा करतात. आपल्या बाबांच्या तोंडून झटका आल्यापासून एक शब्द फुटत नाही. मुक्याशी कसे वागतात ते मुक्यालाच कळणार.

ताई : ते पटलं म्हणून तर तुझ्या नादी लागले. पण माझा मोठा भाऊ म्हणून तुला चाकाच्या खुर्चीतून आणताना मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तू माझा धाकटा. केसांना पावडर तरी लावायची होतीस.

धाकटा : डबा खिशात होता. पण बघितल्याबरोबर म्हणाले, या आजोबा. मग कशाला वाया घालवायची.

ताई : बरं, काय दिसलं ते सांग.

धाकटा : आल्या आल्या पाण्याचा पेला पांघरुणावर उपडा केला. मुद्दाम. बेल दाबली. आले, चादर बदलली, कुणी ओरडलं नाही. पुन्हा उपडा केला. पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा ती सिस्टर आली आणि हा झाकणाचा पेला हातात दिला. लहान पोरांचा असतो तसला, तोटीचा. थेंब सांडत नाही. तेव्हापासून चोखत पडलोय.

ताई : शोभतोय तुला.

धाकटा : जेवण मिक्सरमधून काढून देतात. एकदा हिरवं, एकदा पिवळं. चव दोन्हींना नाही. पण ती सिस्टर भरवते मात्र छान. घास गिळल्याशिवाय दुसरा पुढे करत नाही. मागच्या ठिकाणी तो पोरगा कसा करत होता, चमचा म्हाताऱ्याच्या तोंडात आणि डोळे मोबाइलमध्ये.

ताई : आणि वाईट?

धाकटा : एकजण आहे, निळ्या चपलांचा. आला की काही न सांगता पांघरूण ओढतो. अंग पुसतो ते गाडी पुसल्यासारखं. काल खुर्चीत बसवून मला खिडकीसमोर ठेवलं, ऊन थेट डोळ्यांत, आणि गेला बाहेर गप्पा मारायला. मला ओरडता येत होतं गं. ओरडायचं नव्हतं, एवढंच. बाबांना…

ताई : बाबांना ओरडता येणार नाही.

धाकटा : हं.

ताई : म्हणजे नाही म्हणून सांगू खाली?

धाकटा : पण सिस्टर तशी नाही ना. हात लावायच्या आधी सांगते. आता कूस बदलते हं दादा. पाणी जरा गार आहे हं. आणि थांबते. मी बोलणार नाही हे माहीत असून थांबते, जसं काही मी हो म्हणणार आहे.

ताई : मग हो म्हणू?

धाकटा : तू मला घाई नको करूस.

ताई : घाई मी नाही करत, खालचे करतायत. आणि काय रे, पेला कुठल्या हातात धरलायस?

धाकटा : उजव्या.

ताई : आणि लकवा कुठल्या हाताला आहे?

धाकटा : डाव्या.

ताई : दाखल करताना मी उजवा सांगितला होता.

धाकटा : काल सकाळपर्यंत उजवाच होता. दुपारी झोप लागली, उठल्यावर लक्षातच येईना. तू आठवण करायची ना.

ताई : पावलं वाजतायत. तोंड वाकडं कर. उजवीकडे. माझ्या उजवीकडे नाही, तुझ्या.

(दार उघडतं. धाकट्याची मान खांद्यावर पडते.)

सिस्टर : काय म्हणतात आमचे दादा? ताई, त्या खुर्चीत नका बसू, मऊ आहे, तुमची कंबर धरेल. ही घ्या.

ताई : कसे आहेत हो हे?

सिस्टर : झकास. एकच अडचण आहे. आल्यापासून यांचं पोट साफ झाल्याचं कुणी बघितलं नाही. वय झालं, त्यात हालचाल नाही. म्हटलं, आज एनिमा देऊन टाकू.

धाकटा : अं… अं…

सिस्टर : बघा, सगळं कळतं त्यांना. हो म्हणतायत.

धाकटा : अंऽहं. अंऽहं.

सिस्टर : काय करू ताई? घरच्यांची परवानगी लागते.

ताई : द्या की. तुम्हाला योग्य वाटतंय ना? मग मोठाच द्या. भावाच्या तब्येतीपुढे मी कशालाही नाही म्हणणार नाही.

सिस्टर : मग दादा, आता कूस बदलते हं.

धाकटा : नको.

सिस्टर : कोण बोललं?

धाकटा : मी. माझं पोट साफ आहे. सगळे झोपलेले असतात तेव्हा जाऊन येतो मी.

सिस्टर : चालत?

धाकटा : चालत.

सिस्टर : अभिनंदन ताई. मुके बोलायला लागले, पांगळे चालायला लागले. मॅनेजरला सांगते, गेटवर पाटी लावा म्हणून.

ताई : सिस्टर, चुकलं आमचं. याला लहानपणापासून असली खुळं सुचतात आणि मी दरवेळी फसते. पण त्यापायी आमच्या वडिलांची खाट काढून घेऊ नका. मी हात जोडते.

सिस्टर : खाली घ्या ते हात. मला यांच्याशी बोलू दे आधी.

धाकटा : तुम्हाला कळलं कधी?

सिस्टर : पहिल्याच संध्याकाळी. लकव्याच्या पेशंटचा सदरा बदलताना आधी लुळ्या हाताला बाही चढवतात. मी बाही नुसती समोर धरली. तुमचा मेलेला हात आपण होऊन आत शिरला, आणि बाहेर येऊन त्यानं कॉलर नीट केली.

ताई : कॉलर?

धाकटा : सवय गं.

सिस्टर : दुसऱ्या दिवशी हातच बदलला. इथे सगळ्या तऱ्हेचे लकवे बघितलेत मी, पण फिरतीवरचा हा पहिलाच.

धाकटा : मग हाकललं का नाही?

सिस्टर : हाकलणारच होते. तेवढ्यात तिसऱ्यांदा पेला सांडलात. म्हटलं, बघू तरी गडी किती दिवस तोटीनं पितोय. जेवणाचं मात्र वाईट वाटलं मला.

धाकटा : का?

सिस्टर : बाकीच्यांना मीठ-जिरं घालून, फोडणी देऊन देतो आम्ही. तुमच्या वाटीतलं वगळायला सांगितलं होतं.

धाकटा : मीठ असतं त्यात? सिस्टर, मी केस करीन तुमच्यावर.

सिस्टर : करा की. कोर्टात लकवा कुठल्या बाजूला दाखवणार ते तेवढं ताईंना विचारून घ्या.

ताई : मला हसवू नका, कमरेत कळ येते.

सिस्टर : बरं, मस्करी पुरे. दादा, या मजल्यावर ज्यांना ठेवतो त्यांच्यातल्या कुणालाच बोलता येत नाही. मी दारात उभी असले की सगळा स्टाफ लोण्यासारखा मऊ. माझी पाठ वळली की काय होतं, हे मला सांगणार कोण? म्हणून राहू दिलं तुम्हाला. काय बघितलंत?

धाकटा : चुगल्या नाही करत मी.

सिस्टर : खोटी तोंडं करता, चुगली करायला लाज वाटते?

ताई : सांग रे. मला सांगितलंस तेच सांग.

धाकटा : निळ्या चपला.

सिस्टर : काय करतो तो?

धाकटा : मारत वगैरे नाही. पण न सांगता उचलतो, न सांगता ठेवतो. काल उन्हात तोंड करून बसवलं आणि विसरून गेला. ऊन सरकून भिंतीवर गेलं तेव्हा डोळे उघडले मी. मला वाटलं होतं मजा येईल या सगळ्यात. तेव्हा नाही आली.

सिस्टर : तो हाताचा चपळ आहे म्हणून मीच त्याला हा मजला दिला.

धाकटा : काढून नका टाकू त्याला. पोटावर पाय नको.

सिस्टर : छे. उद्या या खाटेवर त्यालाच झोपवते, दिवसभर, तोंड बंद करून. तुम्ही या त्याचं अंग पुसायला.

धाकटा : आंघोळ करून येतो.

ताई : सिस्टर, संध्याकाळ होत आली. मी खाली काय सांगू? घरी ठेवलं तर मी मोडते. इथे ठेवलं तर टाकून दिल्यासारखं वाटतं. हा मार्क देत बसलाय, पण मला कुणी सांगत नाही की ठेव, चालेल.

सिस्टर : ते मी पण नाही सांगणार. मी विचारते तेवढं सांगा. वडील कुठल्या कुशीवर झोपतात?

धाकटा : उजव्या. की पाठीवर गं?

ताई : डाव्या. भिंतीकडे तोंड करून. उजवा हात उशीवर ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी सुजलेला असतो.

सिस्टर : आणि रागावले की कसं ओळखायचं?

ताई : डोळे मिटून घेतात. बघणाऱ्याला वाटतं झोपलेत. झोपलेले नसतात.

सिस्टर : मग तुम्ही काय करता?

ताई : काही नाही. शेजारी बसते. समजूत वगैरे नाही घालत, बोलतच नाही. बऱ्याच वेळानं एक डोळा किलकिला करून बघतात, आहे का गेली.

धाकटा : हे मला माहीतच नव्हतं.

ताई : तुझ्यावर ते रागावत नाहीत कधी.

सिस्टर : खाट भिंतीला लावून घेते मी. ताई, सुरुवातीला थोडे दिवस येत जा. उचलाउचल काही करायची नाही. मला नुसतं दाखवा, कशा बसता ते.