गाडीच्या पोटात कुशावर्त

अगं, आमच्या अहोंना कुणीतरी सांगा, व्हिडिओ बघून माणूस मेकॅनिक होत नाही!

मागच्या रविवारी सकाळीच पार्किंगमध्ये बैठक मारली. म्हणे, "गाडीचं इंजिन थंड ठेवणारं कूलंट बदलायला गॅरेज कशाला? जुनं काढायचं, नवीन भरायचं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर." बाल्कनीतला इन्व्हर्टरच्या पाण्याचा कॅन नेला, मापून ओतला आणि विजयी मुद्रेने बोनेट आपटलं.

तेवढ्यात सासूबाई खाली आल्या. "अरे, माझा तीर्थाचा कॅन कुणी नेला?"

झालं होतं असं, की इन्व्हर्टरचा रिकामा कॅन धुऊन त्यांनी त्यातून त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्ताचं पाणी आणलं होतं. वरचं लेबल मात्र तसंच!

अहोंचा चेहरा पडला. "आई, साध्या पाण्याने रेडिएटर गंजतो गं!"

"साधं? कुशावर्ताचं पाणी साधं?"

"ते सगळं काढून टाकावं लागेल."

"म्हणजे आता तीर्थ गटारात ओतणार तू?"

अहोंनी गुपचूप मेकॅनिकला फोन केला आणि तो गाडी घेऊन गेला. सासूबाईंनी मात्र हट्टच धरला, देवघरात तीर्थ हवं म्हणजे हवं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीने त्र्यंबकला निघालो. अहो मांडीवर रिकामा कॅन घेऊन, नखाने लेबल खरवडत बसलेले.

खिडकीशी बसलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तीन वर्षं म्हणतेय, एकदा त्र्यंबकला चल. शेवटी तीर्थस्नानाला तुझ्याआधी गाडीचा नंबर लागला!"