गोजराबाई ‘सुटली’, रावसाहेब ‘अडकले’

मंडळी, सरसावून बसा. आज एकच प्रश्न घेऊन आलोय. माणूस गुन्हेगार कधी होतो? गुन्हा केला तेव्हा? पोलिसांनी धरला तेव्हा? कोर्टानं शिक्षा सुनावली तेव्हा? का पारावरच्या चौघांनी तंबाखू मळता मळता ठरवलं तेव्हा?

हसू नका! ऐका.

नदीपलीकडं माळहिवरे म्हणून गाव. तिथं गोजराबाई शेवाळे नावाची बाई. नवरा लवकर गेलेला, पण हाताला काय चव! लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, चूल पेटवायची ती गोजराबाईनंच. लोक म्हणायचे, अन्नपूर्णा आहे! लक्षात ठेवा हो, अन्नपूर्णा म्हणणारीही हीच माणसं.

एका साली जत्रेचा भंडारा झाला. आमटी, भात, पुऱ्या. आणि पंगत उठते न उठते तोच माणसं ओकायला लागली! शंभरावर माणसं दवाखान्यात. आबा लोखंडे नावाचे म्हातारे होते, ते गेले. बिचारे दुसऱ्यांदा पुऱ्या मागून जेवले होते.

पोलीस आले. स्वयंपाक कुणी केला? गोजराबाईनं. चल!

पुढं तपासात कळलं, तेलात विष होतं. तेल कुणाचं? जत्रा कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब कुदळे, त्यांच्या दुकानातलं. ह्या गृहस्थानं फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यात गोडं तेल भरलं होतं. धुऊन म्हणतोय मी — ते कोर्टात म्हणाले धुतले म्हणून! मग तेही आरोपी झाले.

आता गंमत बघा. गुन्हा एक, कलम एक, आरोपी दोन. दोघांनाही जामीन मंजूर. रावसाहेबांना जामीन राहायला रांग लागली, रांग! सायंकाळी गडी घरी, चहा प्यायला. आणि गोजराबाईला? एक माणूस उभा राहिला नाही. बारशाला जिच्या हातच्या घुगऱ्या खाल्ल्या, तिच्यासाठी सही करायला बोट उचललं नाही कुणी! अडीच वर्षं बाई आत. तुम्ही म्हणाल, कोर्टानं ठेवली. नाही मंडळी! कोर्टानं दार उघडलं होतं. गावानं कडी लावली.

तुरुंगात एक जुनी बाई भेटली, जन्मठेपेची. तिनं विचारलं, “कच्ची का पक्की?”

गोजराबाई बावरली. “म्हणजे?”

“खटला चालू असला तर कच्ची कैदी. शिक्षा लागली की पक्की. तू कच्ची. तुला तुझंच लुगडं नेसायला मिळेल.”

“आणि स्वयंपाकाला लावतील का मला? हात आखडलेत बसून.”

“कामाला पक्क्या बायका लावतात गं. आधी शिक्षा होऊ दे!”

ऐकलंत? म्हणजे चूल पेटवायची असेल तर आधी गुन्हेगार व्हा! पण एक सांगतो. त्या जेलच्या कागदावर तिच्या नावापुढं काय लिहिलं होतं? न्यायाधीन बंदी. न्याय व्हायचाय अजून, एवढंच. तुरुंगाचा कारकून शब्द सांभाळून वापरतो, आणि आपण? माळहिवऱ्यात तिचं नाव पडलं होतं ‘खुनी गोजरा’.

आणि आता जे सांगणार आहे ते सांगताना मान खाली जाते. त्या साली माळहिवऱ्याच्या सप्ताहात कीर्तनाला कोण उभं होतं? मी! ह्याच पायांनी. समोर रावसाहेब, त्यांच्या हातची शाल माझ्या खांद्यावर. आणि मी माइकवरून गरजलो, “अन्नात विष कालवणाऱ्या गुन्हेगार बाईला देव क्षमा करणार नाही!” काय टाळ्या पडल्या म्हणता!

अडीच वर्षांनी निकाल लागला. गोजराबाई निर्दोष. रावसाहेब दोषी, तीन वर्षं शिक्षा. त्यांनी वर अपील केलं आणि पुन्हा जामिनावर घरी.

मग गाव काय म्हणालं? गोजराबाई ‘सुटली’. शब्द चाखून बघा. सुटली! म्हणजे केलं होतं, पण सुटली. आणि रावसाहेब? रावसाहेबांना ‘अडकवलं’! एस्टी स्टँडवर बोर्ड लागला, ‘अन्यायाशी झुंजणारे नेतृत्व’. दोषी हा शब्द कुणाच्या तोंडून निघेना. दातात अडकला असेल!

त्या वर्षी सप्ताहाला मीच. रावसाहेब पुढच्या रांगेत. निरूपण रंगात आलं आणि बायकांतून गोजराबाई उभी राहिली. वाळलेली, पण ताठ.

“महाराज, तुम्ही मला गुन्हेगार म्हणालात. त्या दिवशी मी कोण होते?”

मी म्हणालो, “तेव्हा... आरोपी होतीस, बाई.”

“आणि आज?”

“आज निर्दोष.”

“मग तेवढं माइकवर सांगा. ते माइकवरच सांगितलं होतंत.”

खोटं कशाला सांगू? मी रावसाहेबांकडं बघितलं. आणि म्हणालो, “कीर्तनानंतर बोलू, माउली.”

पळालो, मंडळी! ह्या पागोट्यासकट पळालो!

तेवढ्यात दुसरी बाई उठली. चंद्राबाई, त्या गेलेल्या आबा लोखंड्यांची सून. म्हणाली, “महाराज, माणूस आमच्या घरातलं गेलं. विष कुणाचं होतं ते कोर्टानं सांगितलं. तुम्हाला कसली भीती?”

मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणालो, “गोजराबाई शेवाळे निर्दोष आहे. मी तिला गुन्हेगार म्हणालो, ते खोटं होतं. शिक्षा झाली आहे ती रावसाहेब कुदळ्यांना.”

टाळी? एक नाही. रावसाहेब उठून गेले, त्यांच्यामागं अर्धा मंडप गेला. त्यांच्या हातची शाल ह्या वेळी मला मिळाली नाही, आणि पुन्हा त्या गावचं बोलावणंही नाही.

गोजराबाई म्हणाली, “बास झालं.” खाली बसली, पदर तोंडाला लावून रडली. चंद्राबाई तिला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली. त्या रात्री लोखंड्यांच्या चुलीवर पुऱ्या तळल्या गोजराबाईनं. आबांच्या घरच्या सातही माणसांनी खाल्ल्या. गावानं अजून खाल्लेल्या नाहीत. ती आता तालुक्याला खानावळ चालवते, आणि माळहिवऱ्याची माणसं कोर्टाच्या तारखेला गेली की समोरच्या हॉटेलात कडक पाव चावत बसतात!

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्या गावातही एखादा असेल, नुसता चौकशीला बोलावलेला, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्याच्या पोराला सोयरीक नाकारली असेल. आठवतोय? त्याच्या दारात जा. चार माणसांत तो ‘गुन्हेगार’ शब्द परत घ्या, जितक्या मोठ्यानं दिला होता तितक्याच मोठ्यानं.

आणि असं कुणी आठवतच नसेल, तर बायकोला विचारा. तिला नाव तोंडपाठ असतं, आणि ते तुम्ही कुठं बसून बोललात तेही.