गार झालं म्हणजे दाब उतरला असं नाही

जबाब

नाव : सौ. प्रियदर्शनी श्रीशैल बिराजदार, वय ४१ वर्षे, धंदा : नोकरी (यंत्रचालक, नियंत्रण कक्ष), रा. अक्कलकोट रोड, सोलापूर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी पती व सासूसह राहते. कामगार समितीची सचिव म्हणून गेटसभेत बोलते. हा जबाब ठाण्यातील साहेबांनी वाचावा आणि बाहेर थांबलेल्या माझ्या पाळीच्या कामगारांनीही ऐकावा. आपणा सर्वांची तक्रार एकच आहे. आपण धोका आहे म्हणतो तेव्हा ती कुरकुर ठरते. माणूस पडल्यावर त्याच शब्दांना जबाब म्हणतात.

यावर लिहून घेणारे हवालदार आबासाहेब मला म्हणाले, “अक्का, हितं गेटसभा न्हाय, जबाब हाय. काय झालं तेवढं सांगा की.” म्हणून काय झाले ते सांगते.

आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हिरे तयार होतात. त्यासाठी दोन दाबयंत्रे आहेत. यंत्रात कार्बन भरलेला विटेएवढा ठोकळा ठेवतात. तेलाच्या दाबाने सहा बाजूंनी सहा ऐरणी त्याला आवळतात आणि मग त्यातून वीज सोडून तो तापवतात. आतली उष्णता लोखंड वितळेल इतकी असते. काम संपवताना आधी उष्णता बंद करायची, मग दाब हळूहळू सोडायचा आणि काटा शून्यावर आल्याशिवाय पोलादी दार उघडायचे नाही, असा नियम आहे. दाबाखाली ऐरण केव्हाही फुटू शकते, तिचे तुकडे अडवायलाच ते दार आहे. दाब असताना दार उघडू नये म्हणून त्याला आपोआप लागणारे कुलूप आहे. उत्पादन प्रमुख इंद्रजीत साहेब यांच्या सांगण्यावरून दिवाळीपासून दोन्ही यंत्रांच्या कुलपांत लोखंडी पट्टी अडकवलेली आहे. त्यामुळे दार केव्हाही उघडते व पुढचा ठोकळा लवकर भरता येतो. या पट्ट्या काढा असे मी सभेत बोलले होते. त्यावर साहेब म्हणाले होते, “बाई, बोलता छान. निवडणुकीला उभ्या राहा.” सगळे हसले होते.

एक नंबरच्या यंत्राच्या दारावर असणारे गुरप्पा हे अक्कलकोटकडचे. ते पूर्वी सूत रंगवण्याच्या कारखान्यात भट्टीवर होते. तिथे भांडे गार झाले की वाफ गेली आणि वाफ गेली की झाकण उघडायचे. त्या कामात गार म्हणजे मोकळे. आमच्या यंत्रात तसे नाही. इथला दाब वाफेचा नसून तेलाचा आहे. यंत्र बर्फासारखे गार पडले तरी दाब तसाच राहतो. हे त्यांना शिकवले ते इंग्रजी चित्रफितीवर, जेवणाच्या सुट्टीआधी घाईने. ही माहिती मराठीत आणि कानडीत सांगावी अशी मागणी समितीने केली होती.

काल दुपारी एक नंबरचे यंत्र चालू असताना वीज गेली. उष्णता बंद झाली, दाब अडकून राहिला. मी काचेआड नियंत्रण कक्षात होते. दाब सोडण्याचे बटण माझ्यासमोर होते, ते विजेवर चालते. हाताने दाब सोडायचा व्हॉल्व्ह पोलादी दाराच्या आत, यंत्राच्या मागे आहे. जनरेटर लागलेला नव्हता. मी बटण दाबत राहिले.

बऱ्याच वेळाने गुरप्पा यांना दार उघडण्यास पाठवले. त्यांनी दाराजवळून मला हाक मारली, “अक्का, गार झालं काय?”

मी म्हणाले, “गार झालंय, पण दाब हाय अजून! दाराला हात लावू नका!”

इंद्रजीत साहेब त्यांच्या मागे उभे होते. ते म्हणाले, “गार झालं म्हणतायत की त्या. उघड, काढ ठोकळा. पुढचा भरायचाय.”

गुरप्पा यांनी माझ्याकडे पाहिले. मी काचेवर दोन्ही हात आपटून नको म्हणाले. त्यांनी मान डोलावली. ती मला डोलावली की साहेबांना, हे मी सांगू शकत नाही. त्यांनी दार उघडले. मोठा आवाज झाला. ऐरण फुटून तिचे तुकडे दारातून बाहेर आले. गुरप्पा यांचा उजवा डोळा गेला असे डॉक्टर सांगतात. उजव्या हाताचे अजून सांगत नाहीत.

दवाखान्यात इंद्रजीत साहेब सर्वांसमक्ष म्हणाले, “घाई केली त्यानं. माणसानं उघड्या डोळ्यांनी काम करायला नको का?” गुरप्पा यांची पत्नी प्रियंका तिथे उभी होती.

आज सकाळी कंपनीने दोन नंबरचे यंत्र उद्या पहिल्या पाळीत चालू करण्याचे ठरवले आहे. त्याच्या कुलपात पट्टी तशीच आहे. दारावर मोडनिंबचे जोतिराम यांना नेमले आहे. ते याआधी साखर कारखान्यात बॉयलरवर होते. मी त्यांना जाऊ नका म्हणाले. ते म्हणाले, “ताई, मी न्हाय म्हणलो तर दुसरा उभा करत्याल. तो तरी वाचंल व्हय?” मग मी कारखाने तपासणाऱ्या खात्यात फोन केला. साहेब बैठकीसाठी पुण्याला गेले आहेत, सोमवारी या, असे सांगण्यात आले. यंत्राला सील करण्याबाबत इथे विचारले असता, ते काम त्या खात्याचे आहे, असे मला सांगण्यात आले.

माझा हा जबाब हवालदारांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यात “गुरप्पा दार उघडण्यास गेले” असे लिहिले होते. मी ते खोडून “गुरप्पा यांना दार उघडण्यास पाठवले” असे करून घेतले व खाडाखोडीवर सही केली. आबासाहेब म्हणाले, “एका शब्दानं काय फरक पडतोय, अक्का?” बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे. सहीच्या जागेवर एक ओळ मी माझ्या हाताने लिहीत आहे, ती जबाबाचाच भाग समजावी.

साहेब, तपास सावकाश करा. पण उद्या पहिली पाळी लागायच्या आत माणूस पाठवा आणि दोन नंबरच्या यंत्राची वीज तोडा.

प्रियदर्शनी श्रीशैल बिराजदार