निवृत्तीआबांचं बोअर

मंडळी, ऐका! आणि खांबाला टेकून डोळे मिटलेत त्यांनीही ऐका — ध्यान कुठलं अन् डुलकी कुठली, ते मला इथून दिसतं! आजचा प्रश्न साधा आहे. माणसाची ओढ खरी असली, की झालं का? तेवढ्यावर भागतं का?

निवृत्तीआबा. बायको वारलेली, घरात एकटे. एकुलती लेक वैजयंता, लांब दिलेली. ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून मायलेकींनी जन्मभर पाणी वाहिलं. आणि आबा? आबा ओट्यावर! बाप्यामाणसानं हंडा उचलायचा? छे! लोक काय म्हणतील! — हसताय काय? तुमच्या घरी कोण भरतं?

आईचं दिवसकार्य उरकलं अन् निघताना लेक म्हणाली, "आबा, दारात पाणी येईल, तेव्हाच येईन मी." गेली ती गेलीच! सण आले, सण गेले. एसटीचा हॉर्न वाजला की म्हातारा अंगणात येऊन उभा! घास गिळवेना हो लेकीवाचून!

शेवटी आबांनी बोअरची गाडी बोलावली. वर सगळा भुसभुशीत मुरूम. गाडीवाला म्हणाला, "आबा, पक्का खडक लागेपर्यंत केसिंग पाइप घालावा लागतो, नाहीतर मुरूम ढासळून बोअर बुजतं. पाइप कमी पडतात. उद्या आणतो."

"उद्या? अरे, परवा पंचमी! लेक यायची माझी! आहेत तेवढ्यावर भागव!"

"आबा, ऐका माझं —"

"चालव मशीन!"

चालवली! अन् पाणी लागलं की! उडालं वर फवाऱ्यासारखं! आबांनी खणा-नारळानं बोअरची ओटी भरली, लेकीला फोन केला, "ये गं बाई, पाणी आलं दारात!" पलीकडं पोर रडायलाच लागली.

पंचमीचा दिवस उजाडला. आबांनी मोटर लावली. आधी गढूळ पाणी, मग चिखल, मग काहीच नाही! मुरूम ढासळला होता. आणि लेक तर एसटीत बसलेली! आता काय करावं त्या बापानं?

वैजयंता फाट्यावर उतरून गावात शिरली, बघते तर ओढ्याकडनं बाप येतोय! फेट्याची चुंबळ केलेली, डोक्यावर हंडा, अंगभर सांडलेलं पाणी. आख्खं गाव बघतंय!

"आबा! तुम्ही?"

"पाणी लागलं होतं गं, पण गेलं. माघारी जाऊ नको, पोरी." म्हाताऱ्याला धाप लागली होती. "एवढं लांबून आणायचीस तू? तुझी आई एवढं लांबून आणायची?"

लेकीनं बापाच्या डोक्यावरचा हंडा धरला, पण उतरवला नाही. म्हणाली, "चला. मी मागनं हात लावते."

पोचली हो लेक माहेरी!

तर मंडळी, ओढ तेव्हाही खरी होती, मशीन घरघरत होती तेव्हा! पण ती लेकीपर्यंत पोचली कधी? मान दुखली तेव्हा! तुम्हीही कुणाची तरी वाट बघत असाल. बघा. पण त्या माणसानं तुमच्यासाठी आजवर काय काय वाहिलं, ते एकदा आपल्या डोक्यावर घेऊन चाला. मग हाक मारा — लेकीला मारा, नाहीतर पांडुरंगाला मारा! चला, आता सगळे मिळून विठ्ठल म्हणा — मोठ्यानं!