भोंग्यावरचा पत्ता

माहं माहेर रामाकोन्याचं. सौंसर तहसीलीतलं. घरी कापूस होता, संत्र्याचा बगीचा होता, दोन भाऊ अन् मी एकटी पोरगी, म्हनून लाडाची, अन् लाडाची म्हनून जिभेले हाड नाई, असं माही माय म्हने. आवाज पहिल्यापासून खनखनीत. मी अंगनातून हाक मारली का बगीच्यातला बाप भाकर खायले येई. आता हा घसा पाहून राहिले तुमी, याच्यात काय राह्यलं आता, चहा घ्या आधी, थंडा होऊन राह्यला. अन् गोटमारीचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं दोन गावं एकमेकाईले गोटे मारतात त्याचं, विचारसान तर आधीच सांगते, मी त्या दिवशी घराच्या बाहेर पडत नाई. बाहेरचा मानूस पांढुर्ण्यात येऊन बसला का पहिले तेच विचारते.

आमचे हे भोंगेवाले. नाव नाई घेत मी, हसू नोका, आमच्या वेळी नोते घेत. लग्नात भोंगा लावाचा, सभेले लावाचा, गनपतीत लावाचा, हाच धंदा. माह्या काकाच्या पोरीच्या लग्नात रामाकोन्याले आल्ते, आंब्याच्या झाडावर चढून भोंगा बांधून राह्यले होते, अन् मी खालून म्हनलं, ओ भाऊ, त्याचं तोंड गावाकडे करा, ढोराईले कायले गानं ऐकवता. तिथून सुरू झालं. भाऊ म्हनलं अन् नवरा केला, माही नात अजून चिडवते त्याच्यावरून. जात येगळी होती. बापानं म्हनलं, जाशीन तर मेली. मी गेली. बापानं माह्या नावानं आंघोळ केली, जित्या पोरीच्या नावानं, अन् मायले शपथ घातली का तिच्याशी नाई तर त्या भोंगेवाल्याशी एक शब्द बोलशीन, त्याचं नाव बी काढशीन तर माहं मेलं तोंड पाहशीन. मायले लिहिता-वाचता येत नोतं, चिठ्ठी पाठवली तर ती भावाच्या हाती जाय. बंदच झालं सारं. काय सांगू तुमाले, सासरी काही कमी नोतं, सासू गेलेली होती पन सासरा देवमानूस, तरी दुपारी भांडे घासता घासता माय आठवे, लुगड्याच्या पदराले हात पुसाची तिची सवय आठवे, अन् हातातलं भांडं हातातच राहे.

तर हे ऐंशीच्या पुढचं सांगून राहिली मी, टेप नवा नवा आल्ता तवा. आता तुमच्या मोबाइलवर जाहिराती येतात, तवा दुकानदार आमच्याकडे येत. लुगड्याचं दुकान, चक्की, सायकलवाला, कोनी बी. हे सायकलरिक्षात भोंगा बांधत अन् माइकवर बोलत गावभर फिरत, बाजाराच्या दिवशी रिक्षा ट्रकात टाकून पार सौंसरकडच्या गावाईले बी जात. स्टेशनच्या रोडवर शंकरभाऊचं हॉटेल होतं, खाली चहा-नाश्ता, वर मुक्कामाच्या खोल्या. त्या वेळी बाया हॉटेलात बसत नोत्या. शंकरभाऊनं हौसेनं एका कोपऱ्यात पडदा लावला, आत बेंच टाकले, आरसा लावला, पन एक बाई पाय टाकीन तर शपथ. हे भोंग्यावरून सांगत, बायाईनं यावं, बायाईनं यावं, तर बाया उलट्या पदर तोंडात धरून पळत. मी म्हनलं, गड्याच्या आवाजानं बाया येत असतात का कुठं हॉटेलात, आना तो माइक इकडे.

सासऱ्याईनं एकच अट घातली. बोल म्हने, पन आपल्या घरची बाई भोंग्यावर बोलून राहिली हे कोनाले मालूम नाई पडलं पाह्यजे. शंकरभाऊकडून त्याईनं वचन घेतलं, कोनी बी विचारो, सांगाचं का टेप नागपूरहून येते. शंकरभाऊ शब्दाचा पक्का होता. तेच तर झालं ना.

घर आमचं रेल्वे लाइनच्या मागं, हॉटेलाच्या मागच्या दारातून निघालं का फाटकाच्या पलीकडे, हाकेवर. टेप भराले बसली का मी दाराले गोधडी लावू, तरी गाडीची शिट्टी मधात येच, मंग पुन्हा पहिल्यापासून. यांच्यासारखं सभेतलं मराठी नाई बोलली मी. मी आपली म्हनलं, काय व माय, बाजार करून पाय दुखून राह्यले ना, उन्हात कायले बसता, शंकरभाऊच्या हॉटेलात पडद्याची जागा हाय, पोराले पाजा, डोकं नीट करा, गरम भजे खा, कोनी पाहत नाई तुमाले. झालं. बाया याले लागल्या. मंग लुगडेवाला आला, चक्कीवाला आला, साऱ्याईले तीच नागपूरची बाई पाह्यजे. चक्कीवाल्याची बायको मलेच येऊन सांगे, नागपूरची बाई काय गोड बोलते व. मी म्हनो, असन बाप्पा.

एक दिवस हे रामाकोन्याच्या बाजारातून आले अन् पायबी न धुता चुलीजवळ बसले. म्हने, तुही माय आल्ती. मी म्हनलं, काय बोलली. म्हने, बोलली नाई, भोंगा सुरू झाला अन् तुहा बाप बाजारातून उठून गेला, अन् ती बांगड्यावाल्याच्या बाजूले उभी राह्यली, टेप संपेपर्यंत. म्हने, मी टेप पुन्हा लावली, ती पुन्हा उभी. मी मुसमुसून रडली त्या दिवशी, भाकर करपली माही. बोलाची शपथ होती तिले. ऐकाची शपथ कोनी घातली नोती.

मंग काय, त्याच्यानंतर माही प्रत्येक जाहिरात एकाच बाईसाठी. शंकरभाऊले भजे इकाचे होते, मले मायले सांगाचं होतं. मी म्हनो, आमच्या भज्यात ओवा हातावर चुरून टाकतो, मायनं शिकवला तसा. लुगडेवाल्याच्या टेपेत म्हनो, हिरवं लुगडं घ्या, माह्या मायले हिरवं शोभते. लोकाईले वाटे, वा, काय घरच्यासारखं बोलते ही. अन् हे बाजारातून आले का मी दारातच विचारो, होती का. होती म्हनले का माहा दिवस जाय.

मंग माही पोरगी झाली. बाळंतपनात माय नाई, बाई, हे दुःख ज्याचं त्यालेच. सवा महिना झाला अन् मी टेप भरली, का लेकुरवाळ्या मायाईनो, शंकरभाऊच्या पडद्यात गरम दूध भेटते, आमच्याइथं बी लक्ष्मी आली, नाक आजीवर गेलं तिचं. शंकरभाऊनं म्हनलं, हे कोनाच्या नाकाचं टाकून राहिली तू माह्या जाहिरातीत. मी म्हनलं, तुमी दूध तापवा, जाहिरातीचं मी पाहते.

अन् माय आली. ज्या दिवशी आली त्या दिवशी मी इथंच, या खोलीत, पोरीले तेल लावून राहिली होती. ती घरी काय सांगून निघाली देवाले मालूम, सौंसरहून बसनं आली, हॉटेलात पडद्याच्या आत बसली, दूध मागवलं अन् पेलीच नाई. शंकरभाऊले विचारलं, भाऊ, भोंग्यावर जे बाई बोलते तिचं घर कुठं. भोंगेवाल्याचं घर विचारलं असतं तर त्यानं बोट दाखवलं असतं. पन जावयाचं नाव तिनं तोंडातून काढलं नाई, शपथ होती, अन् शंकरभाऊनं दिलेलं वचन पाळलं. म्हने, बाई, ती नागपूरची, टेप तिकडूनच येते. मायनं दुधाचा गिलास बाजूले सारला. मंग एक गाठोडं त्याच्या हाती देल्लं, म्हने, टेप घेऊन कोनी आलं तर तिले पाठवजा. अन् गेली.

संध्याकाळी शंकरभाऊ गाठोडं घेऊन आला. सोडून पाहते तर दुपटं, मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं, अन् डिंकाचे लाडू. मी पोरीले सासऱ्याच्या मांडीवर टाकलं अन् पायात चप्पल नाई, फाटक ओलांडून बसस्टँडवर पळाली. सौंसरची बस कवाची गेल्ती. शंकरभाऊ बिचारा दारात उभा, म्हने, वहिनी, मले काय मालूम. हाकेवर होती माही माय, अन् साऱ्या तहसीलीले हाका मारनारी मी, मले तिले हाक मारता आली नाई.

सासरे ते दुपटं हातात घेऊन बसले होते. मंग म्हने, पोरी, मीच चुकलो. नाव नोको सांगू, बापाले तुह्या राग येईन, पन दार सांग.

तवा मी पहिल्यांदा माही जाहिरात केली. शिवनाची मशीन होती माह्याकडे, त्याचीच केली. मायाईनो, पोलकं शिवाले पांढुर्ण्याले या, नागपूरले जाची गरज नाई. शंकरभाऊच्या हॉटेलातून मागच्या दारानं निघा, फाटक ओलांडा, लिंबाचं झाड येईन, त्याच्या बाजूले निळं दार. कोनाले विचारू नोका. दुपारी दार उघडंच असते. शिट्टी आली मधात, यावेळी मी ती तशीच ठेवली, तिले समजावं म्हनून का लाइनीजवळच हाय.

हे रामाकोन्याले गेले. माय बांगड्यावाल्याजवळ नोती. ती पांढुर्ण्याले आल्ती हे बापाले मालूम पडलं होतं, त्यानं तिचा बाजार बंद केला होता. मंग यांनी काय केलं, रिक्षा वेशीवर नेला अन् भोंग्याचं तोंड माह्या बापाच्या घराच्या गल्लीकडे केलं. पयलं मी आंब्याखालून सांगतलं होतं ना, तसं.

पोलकं शिवाले बाया आल्या मले, रामाकोन्याच्या बी आल्या. त्यातली एक आमच्या शेजारची. तिनं सांगतलं, तुही माय अंगनात तूर पाखडून राहिली होती, भोंगा वाजला अन् सूप खाली ठेवलं तिनं. निळं दार, निळं दार, असं पुटपुटली म्हने. मंग म्हनली, जाईन मी, सवडीनं जाईन. पुढच्या उन्हाळ्यात ताप आला तिले अन् गेली. मले कोनी बलावलं नाई, त्याच शेजारनीनं सांगतलं, पोलक्याचं माप देता देता. बाप बी गेला मंग. त्याचा राग नाई आता, तो बी माहा आवाज ऐकून उठून जाय म्हनजे ओळखतच होता ना.

आता माही नात, त्याच दुपट्यात वाढलेल्या पोरीची पोरगी, शंकरभाऊच्या नातवाच्या लॉजची जाहिरात मोबाइलवर करते. माहं शिवनकाम तिनंच टाकलं त्याच्यात. मले दाखवून राहिली होती, आजी, कोनी आपलं नाव टाकून शोधलं का रस्ता दिसते, थेट आपल्या दारापर्यंत, कोनाले विचाराची गरजच नाई. मी पाहतच राह्यली. हे तवा असतं तर, बाई. म्हने, आजी, फोटो कोनता टाकू, तुहा का मशीनचा. मी म्हनलं, दाराचा टाक. रंग मी दरसाल दिवाळीले मारते, निळाच. पोरगी म्हने आता दुसरा मार, मी नाई मारत.

निघाले का? दार ओढू नोका जाता जाता, दुपारचं उघडंच असते ते. अन् माय हाय ना तुमची? जाऊन भेटा तिले. तुमच्या मायवर तुमचं घर दुसऱ्याले विचाराची पाळी न येवो.