गोड मासा

— पाय पुढे कर. डावा. मोजा काढ.

— कशाला, ग्नेंडलमावशी?

— उद्या सकाळी आपले धर्मगुरू, रब्बी, दहा पुरुष घेऊन येणार, शिंग फुंकून तुझ्या अंगातलं भूत काढणार. भूत करंगळीतून निघतं, मुगाएवढं रक्त सोडून. नखाशी ओरखडा आधीच काढलास की काय, ते बघते. मिर्ल, खरंच कोणी आहे का तुझ्या अंगात?

— आहे ना. माझ्या नवऱ्याची, काल्मनची पहिली बायको, रिक्ल. लग्नाआधी तिच्या कबरीवर जाऊन आवतण द्यायचं असतं, ते मी दिलं नाही. गाव तेच म्हणतंय.

— का नाही दिलंस?

— माझ्या लग्नात तिचं काय काम? तरी आलीच. उठता-बसता रिक्ल. रिक्लची शाल कपाटात, हात लावायचा नाही. मी इथे थंडीनं कुडकुडतेय.

— म्हणून तिचा आवाज काढलास.

— एकदाच काढणार होते. ‘अरे, शाल मिर्लला दे’, एवढंच. तर हा माझ्या पायाशी बसून रडला. दोन वर्षांत माझ्याशी एवढं बोलला नव्हता. आता रोज संध्याकाळी दुकान बंद करून येतो आणि तिच्याशी बोलतो. माझ्याच तोंडाकडे बघून. जळून खाक होते मी, मावशी.

— स्वतःवरच जळतेस होय गं?

— तिच्यावर. काल तो म्हणाला, ‘जाऊ नकोस.’ रब्बींनाही म्हणे सांगून आला, इतक्यात काढू नका.

— शुक्रवारी तुझ्या भुतानं मासा मागितला म्हणे.

— मागितला. साखर घातलेला.

— रिक्ल लिथुआनियाची पोर. माशात मिरी घालायची, गोड मासा समोर आला की ताट सरकवायची. शेवटची आंघोळ मी घातली तिला, मला सांगतेस? माशात साखर घालायची रीत तुझ्या माहेरची.

— अगं आई. काल्मनला कळलं असेल?

— सहा वर्षं मिरीचा मासा खाल्लाय त्यानं. साखर कोणी आणली?

— त्यानंच. बर्फातून जाऊन. आणि जवळ बसून भरवला.

(मिर्ल मोजा पुन्हा पायात चढवू लागते.)

— मग ‘जाऊ नकोस’ म्हणाला, ते कोणाला?

— मला काय विचारतेस? घरी जा, त्याला विचार. तुझ्या स्वतःच्या आवाजात.

— त्या आवाजात तो मला ओ देईल का, मावशी?