सोळा तासांची संकष्टी

सोळा तास म्हणे! कोण म्हणतं सोळा तास? तुम्हाला सांगतो, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सोळा तास हे गणित ज्यानं मांडलं ना, त्याच्या घरात संकष्टी करणारी बायको नसणार! आमच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक रघुवीर आहे, दोनदा अमेरिकेला जाऊन आलाय आणि तेवढ्या भांडवलावर पाच वर्षं बोलतोय... "काही नाही रे, साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास! दोन सिनेमे बघ, दोनदा जेव, की उतरलास!" जेव म्हणे! तिकीट काढलं आमच्या वरदनं, तिकडे बसून. एवढा मोठा इंजिनिअर, पण आईची संकष्टी कधी ते ठाऊक नाही! आणि आमच्याकडे संकष्टी जोडीनं करायची पद्धत... म्हणजे श्रद्धा कालिंदीची, पोट माझं.

मी म्हटलं, ठीक आहे, दुपारी चारचं विमान, रात्री चंद्र उगवला की उपास सोडू, तोवर साबुदाण्याची खिचडी आहेच. कुठे आहे? सामानाच्या बॅगेत! आणि बॅग? विमानाच्या पोटात! विमानाचं पोट भरलेलं, माझं रिकामं! शेजारचा पनीर हाणतोय, हवाईसुंदरी मला विचारतेय, "सर, तब्येत ठीक आहे ना?" तेवढ्यात खिडकीतून पाहतो तर काय... चंद्र! मी ओरडलोच, "अगं, चंद्र!" अर्धं विमान जागं झालं. कालिंदीनं चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला.

"अहो, हा उगवलेला नाही. आपण वर आलोय."

मी म्हटलं, "वर आलो म्हणून काय झालं? दिसतोय ना!"

"त्यानं वर यायचं असतं. आपण वर जाऊन गाठला तर त्याला चंद्रोदय म्हणत नाहीत. खाली उतरल्यावर बघू."

उतरलो. सोळा तास म्हणे! बाहेर येतो तर चक्क ऊन! संध्याकाळचे साडेसात, आणि तारीख? तीच! अर्धी पृथ्वी ओलांडली, पण संकष्टी काही संपेना! वरद वर हसतोय, "बाबा, अख्खी रात्र फुकट मिळाली तुम्हाला!" कसली रात्र रे, उपासाची? सून अनुजा मोबाइल बघून म्हणते, "आई, इथला चंद्रोदय दहाला." कालिंदी खूश, "बघा, देवाला काळजी! उपास मोडला असता उगाच."

मी भिंतीला टेकलो. वरदला दया आली असावी, हळूच म्हणाला, "बाबा, परत जाताना उलटं होतं. एक अख्खी तारीख वाटेतच गळून पडते." परतीचं तिकीट काढायचंच होतं! मी त्याच्या कानात म्हटलं, "पुढच्या संकष्टीच्या आदल्या रात्रीचंच काढ."

"अहो," मागून आवाज आला, "संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीचं काढायला सांगितलंय मी त्याला. पुढची अंगारकी आहे. ती इथेच करू, निर्जळी, आणि मग निघू."

करू, म्हटलं. न करून सांगतो कुणाला!